बिल पीट : वहीच्या कडेला चित्रं काढणारा मुलगा

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वहीचं शेवटचं पान एकदा उघडून बघा बरं. काय आहे तिथे? फुली-गोळा, एखादी मोटारगाडी, मिशीवाला माणूस, कदाचित तुमच्या सरांचं किंवा बाईंचं चित्रसुद्धा! असं पान दिसलं की आम्ही शिक्षक रागावतो. मीही कितीतरी वेळा रागावले आहे. पण बिल पीट यांचं चरित्र वाचलं आणि मी थोडा विचार करायला लागले. म्हणून आज त्यांची ओळख.

बिल पीट यांचा जन्म २९ जानेवारी १९१५ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात ग्रँडव्ह्यू या छोट्या गावी झाला. त्यांचं बालपण मात्र इंडियानापोलिस शहरात गेलं. आई शाळेत हस्ताक्षर शिकवायची. वडिलांचा आधार घराला फारसा नव्हता. बिलला चित्रांचं भारी वेड. वर्गात तास सुरू असताना तो बाकात वही लपवून चित्रं काढायचा. पाठ्यपुस्तकांच्या कडासुद्धा रिकाम्या ठेवायचा नाही. गंमत म्हणजे, वर्ष संपल्यावर जुनी पुस्तकं विकायला निघाली की त्याच्या पुस्तकांना चांगलं गिऱ्हाईक मिळायचं!

शिक्षक त्याची वही हिसकावून घेत. एकदा एका बाईंनीही तसंच केलं आणि वही घेऊन त्या वर्गासमोर गेल्या. बिल घाबरला. पण बाईंनी हसत हसत एकेक पान उलटून सगळ्या वर्गाला चित्रं दाखवली. मग वही परत देताना, पुढे या चित्रांचं काहीतरी कर, असं त्याला सांगितलं. एवढीच गोष्ट, पण बिल ती म्हातारपणापर्यंत विसरला नाही.

हायस्कूलमध्ये तो बहुतेक विषयांत नापास झाला. तेव्हा एका मित्राने त्याला चित्रकलेचा विषय घ्यायला सुचवलं. तिथे तो असा चमकला की त्याला जॉन हेरॉन कला संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली.

१९३७ साली ते कॅलिफोर्नियात वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओत कामाला लागले. सुरुवातीचं काम कोणतं होतं माहीत आहे? कार्टून चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी लागतात. मुख्य चित्रकार पात्राच्या महत्त्वाच्या अवस्था काढतो. म्हणजे हात खाली आहे आणि हात वर आहे, एवढंच. हात वर जातानाची मधली सगळी चित्रं दुसऱ्यांनी भरायची. दिवसभर तेच! पीट यांच्या वाट्याला डोनाल्ड डक आला. शेकडो बदकं काढून ते इतके कंटाळले की एक दिवस, आता आणखी बदकं नकोत, असं ओरडत बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी विसरलेलं जाकीट न्यायला आले, तर टेबलावर एक पाकीट! त्यांना वाटलं, नोकरी गेली. पण झालं उलटंच. ‘पिनोकियो’ चित्रपटासाठी त्यांनी राक्षसांची काही चित्रं काढून दिली होती. ती आवडली म्हणून त्यांना कथा विभागात बढती मिळाली होती.

कथा विभागात गोष्ट आधी चित्रांतून सांगायची असते. चित्रं क्रमाने मोठ्या फळ्यावर टाचतात. त्याला स्टोरीबोर्ड म्हणतात. या कामात पीट यांचा हातखंडा होता. ‘डंबो’साठी त्यांनी काम केलं. १९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशन्स’ची पटकथा त्यांनी एकट्याने लिहिली. पण वॉल्ट डिस्ने यांच्याशी त्यांचे खटकेही उडायचे. मोगलीच्या ‘जंगल बुक’चं काम चालू असताना मतभेद वाढले आणि १९६४ मध्ये, तब्बल २७ वर्षांनी, त्यांनी स्टुडिओ सोडला.

आता वयाच्या पन्नाशीला काय करायचं? मुलांना झोपताना सांगितलेल्या गोष्टींतून त्यांनी चित्रमय पुस्तकं करायला आधीच सुरुवात केली होती. त्यांचं पहिलं पुस्तक १९५९ सालचं. पुढे त्यांनी ३० हून अधिक पुस्तकं केली.

१९८९ मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. त्याच्या पानापानावर त्यांनी स्वतः पेन्सिलीने काढलेली चित्रं आहेत. त्यात शाळा आहे, स्टुडिओ आहे, तिथलं कंटाळवाणं काम आहे, आणि मालक वॉल्ट डिस्नेसुद्धा आहेत. ज्या माणसाने स्टुडिओत कितीतरी वर्षं इतरांसाठी चित्रं काढली, त्याने शेवटी स्वतःची गोष्ट स्वतःच्या चित्रांत सांगितली. १९९० मध्ये या पुस्तकाला ‘कॅल्डेकॉट ऑनर’ हा मान मिळाला. ११ मे २००२ रोजी पीट यांचं निधन झालं.

मित्रांनो, याचा अर्थ तासाला लक्ष देऊ नका असा नाही हं! अभ्यासही करा. पण तुमची चित्रं लपवू नका, आम्हाला दाखवा. आणि शिक्षक बंधू-भगिनींनो, पुढच्या वेळी वहीचं शेवटचं पान सापडलं, तर रागावण्याआधी एकदा नीट बघूया. त्या बाईंना वही मिटून टेबलाच्या खणात टाकणंही सोपं होतं.

उपक्रम : तुमच्या शाळेतला एक दिवस ५ चित्रांत काढा. शब्द कमीत कमी वापरा. चित्रं क्रमाने भिंतीवर लावा आणि मित्राला गोष्ट ओळखायला सांगा. झाला तुमचा स्टोरीबोर्ड!