शल्यविशारदाच्या हातमोज्यांची कथा : डॉ. विल्यम हॉलस्टेड

शस्त्रक्रियेपूर्वी निर्जंतुक हातमोजे चढवताना एक नियम कटाक्षाने पाळला जातो. उघड्या बोटांनी मोज्याच्या दुमडलेल्या कडेच्या केवळ आतल्या बाजूला स्पर्श करायचा; बाहेरची बाजू रुग्णासाठी राखलेली असते. गाऊनही आतूनच धरून अंगावर चढवला जातो. बाहेरच्या बाजूला चुकून बोट लागलेच, तर तो मोजा बाद करून दुसरा घेतला जातो. हात कितीही घासून धुतले तरी त्वचेतील सर्व जिवाणू नष्ट होत नाहीत, हे त्यामागचे कारण. रबरी हातमोजे शस्त्रक्रियागृहात आणण्याचे श्रेय अमेरिकी शल्यविशारद डॉ. विल्यम स्टुअर्ट हॉलस्टेड यांना दिले जाते. मात्र त्यांनी ते प्रथम बनवून घेतले तेव्हा त्यांना चिंता होती ती एका परिचारिकेच्या हातांची.

हॉलस्टेड यांचा जन्म 23 सप्टेंबर 1852 रोजी न्यूयॉर्कमधील एका सधन व्यापारी कुटुंबात झाला. येल विद्यापीठातून पदवी आणि न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतल्यानंतर 1878 मध्ये ते युरोपला गेले. जोसेफ लिस्टर यांनी मांडलेली जंतुनाशनाची पद्धत तेव्हा जर्मन भाषक देशांतील रुग्णालयांत रुजत होती. अमेरिकेत मात्र रोजच्या कोटावरच शस्त्रक्रिया करणारे शल्यविशारद अजून बरेच होते. 1880 मध्ये परतल्यावर हॉलस्टेड यांना हा फरक सहन होईना. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातील शस्त्रक्रियागृहात मनासारखी स्वच्छता राखणे अशक्य आहे, असे दिसताच त्यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू उभारून घेतला आणि तेथे शस्त्रक्रिया सुरू केल्या.

याच काळात त्यांच्या आयुष्याला वेगळेच वळण लागले. कोकेनने शरीराचा ठरावीक भाग बधिर करता येतो का, याचे प्रयोग 1884 पासून त्यांनी सहकाऱ्यांसह स्वतःवरच केले आणि त्यात ते व्यसनाच्या आहारी गेले. उपचारांनंतर बाल्टिमोरमध्ये स्थिरावलेल्या हॉलस्टेड यांना मॉर्फिनची सवय पुढेही सुटली नव्हती, हे त्यांचे सहकारी विल्यम ऑस्लर यांनी गोपनीय ठेवलेल्या लेखनातून 1969 मध्ये जगासमोर आले.

बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय 1889 मध्ये सुरू झाले. तेथील हात धुण्याची पद्धत कठोर होती. साबणाने घासलेले हात पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणात बुडवायचे, त्याचा गडद डाग ऑक्झॅलिक आम्लाने घालवायचा आणि शेवटी मर्क्युरिक क्लोराइडचे द्रावण वापरायचे. शस्त्रक्रियागृहाच्या प्रमुख परिचारिका कॅरोलाइन हॅम्पटन यांच्या त्वचेला हे शेवटचे द्रावण मानवेना. 1889-90 च्या हिवाळ्यात त्यांच्या हातांना आणि बाहूंना त्वचादाह झाला. इतकी कार्यक्षम परिचारिका गमावणे हॉलस्टेड यांना परवडणारे नव्हते. त्यांनी न्यूयॉर्कच्या गुडइयर रबर कंपनीला मनगटाच्या वरपर्यंत येणाऱ्या पातळ रबरी हातमोज्यांचे दोन जोड प्रयोगादाखल बनवायला सांगितले. ते उपयोगी ठरल्याने आणखी मागवण्यात आले.

जून 1890 मध्ये हॉलस्टेड आणि कॅरोलाइन यांचा विवाह झाला आणि कॅरोलाइन यांनी परिचारिकेचे काम सोडले. ज्यांच्यासाठी मोजे आणले त्या गेल्या, मोजे मात्र राहिले. शस्त्रे हातात देणारा आणि सुईत दोरा ओवणारा साहाय्यक ते वापरू लागला. स्वतः हॉलस्टेड मात्र ते क्वचितच घालत. सांधा उघडून तपासायचा असेल तेव्हा मोजे, अन्यथा उघडे हात. मोज्यांची सवय झालेल्या साहाय्यकांना काही काळाने उघड्या हातांपेक्षा मोज्यांतच काम सफाईने होते, असे जाणवू लागले. प्रत्येक शस्त्रक्रियेत नेमाने मोजे घालणारे पहिले ठरले ते हॉलस्टेड यांचे शिष्य जोसेफ ब्लडगुड. साडेचारशेहून अधिक हर्निया शस्त्रक्रियांचा आढावा घेऊन मोज्यांमुळे जखमेतील जंतुसंसर्ग मोठ्या प्रमाणात घटल्याचे त्यांनी 1899 मध्ये दाखवून दिले. परिचारिकेच्या त्वचेसाठी आलेले मोजे रुग्णाच्या जखमेचे रक्षण करत होते.

हॉलस्टेड यांनी या इतिहासाला सोनेरी मुलामा दिला नाही, हे विशेष. 1913 मधील एका लेखात त्यांनी या घटना क्रमाने सांगितल्या. ही एखादी अचानक सुचलेली कल्पना नव्हती, तर हळूहळू घडत गेलेली गोष्ट होती, असे त्यांनी लिहिले. आपण चार-पाच वर्षे अधूनमधूनच मोजे घालत होतो आणि ते नेहमीच हवेत हे आपल्या लक्षात आले नाही, याचे त्यांना स्वतःलाच नवल वाटत होते. आपले सदरे धुण्यासाठी थेट पॅरिसला पाठवणाऱ्या आणि ऊतींना कमीत कमी इजा व्हावी म्हणून अतिशय संथ, हळुवार हाताने शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाच्याही नजरेतून एवढी साधी गोष्ट सुटली होती.

स्तनाच्या कर्करोगावरील व हर्नियावरील शस्त्रक्रिया आणि निवासी डॉक्टरांना टप्प्याटप्प्याने घडवणारी प्रशिक्षण पद्धती यांसाठीही त्यांचे नाव घेतले जाते. अखेरच्या काळात पित्तखड्यांच्या विकाराने त्यांना ग्रासले. त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली ती त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या शल्यविशारदांनी. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत होऊन 7 सप्टेंबर 1922 रोजी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅरोलाइन यांचाही मृत्यू झाला.