गुलामांच्या कहाण्या लिहून ठेवणारे विल्यम स्टिल

अमेरिकेंतील गुलामगिरीचा इतिहास शिकतांना कायद्यांचे व लढायांचे सन आपण पाठ करितों; परंतु ज्यांनीं ती अंगावर सोसली त्यांचें सांगणें क्वचितच आपल्या कानीं पडतें. तें सांगणें नष्ट झालें नाहीं, ह्याचें पुष्कळसें श्रेय विल्यम स्टिल ह्या कृष्णवर्णीय गृहस्थांस आहे.

त्यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८२१ रोजीं न्यू जर्सी प्रांतांत झाला. अठरा भावंडांत ते शेंडेफळ. वडील लेव्हिन ह्यांनीं पैसे भरून आपली सुटका करून घेतली होती. आई सिडनी मात्र मेरीलंडांतून पळून आली होती. पहिल्या खेपेस ती चार मुलांसह पकडली गेली. दुसऱ्या खेपेस तिनें दोन मुली बरोबर घेतल्या व लेव्हिन आणि पीटर ह्या दोन मुलांना काळजावर दगड ठेवून मागें सोडलें. पुढें तीं मुलें दूर दक्षिणेंत विकलीं गेलीं.

विल्यम ह्यांस शाळा फारशी लाभली नाहीं. शेतांत राबून उरलेल्या वेळांत ते लिहावयास शिकले. १८४७ सालीं फिलाडेल्फिया येथें गुलामगिरीविरोधी सभेच्या कचेरींत ते कारकून झाले. १८५० सालीं तेथें एक प्रौढ मनुष्य आपल्या आईबापांचा शोध करीत आला. स्टिल त्याची हकीकत विचारूं लागले. त्यानें आईबापांचीं नांवें सांगतांच स्टिल ह्यांच्या ध्यानांत आलें कीं, हा आपला कधींही न पाहिलेला भाऊ पीटर आहे! चाळीसांहून अधिक वर्षांनीं त्या मातेस आपला पुत्र भेटला. पीटरचा भाऊ लेव्हिन मात्र गुलामींतच मरण पावला होता.

ह्या प्रसंगापासून स्टिल ह्यांनीं अधिकच काळजीनें टिपणें ठेविलीं. पळून आलेल्या प्रत्येकास त्याचें खरें व बदललेलें नांव, वय, मालक, सोसलेला छळ आणि मागें राहिलेलीं माणसें ते विचारीत. हेतु हा कीं, ताटातूट झालेल्यांस पुढें एकमेकांचा ठाव लागावा. काम जोखमीचें होतें. १८५० च्या कायद्यान्वयें पळालेल्या गुलामास साह्य करणारास १,००० डॉलरपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद होती. कागद शत्रूच्या हातीं लागते तर शेंकडों जीव पुन्हा बेडींत पडते. म्हणून ते एका दफनभूमीच्या इमारतींत लपविले गेले.

१८६५ सालीं गुलामगिरी बंद झाली, व १८७२ सालीं स्टिल ह्यांनीं त्या टिपणांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. दुसऱ्याच वर्षीं इकडे जोतीराव फुले ह्यांनीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील दास्यविमोचक सज्जनांस अर्पण केलें. स्टिल १४ जुलै १९०२ रोजीं निवर्तले. पुढें १९३६ ते १९३८ ह्या काळांत अमेरिकन सरकारनें हयात असलेल्या दोन हजारांवर वृद्धांच्या हकीकती लिहवून घेतल्या.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्या घरींही आजीआजोबा आहेत. त्यांनीं काय भोगलें, तें आदरानें विचारा, आणि नांव-गांवासह लिहून ठेवा.