शरणी आयदक्की लक्कम्मा

शरणी लक्कम्मा व त्यांचे पती मारय्या हे मूळचे रायचूर भागातील अमरेश्वरचे. १२व्या शतकात ते बसवण्णांच्या कल्याणास आले. सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्यांचे कायक. त्यावरूनच आयदक्की हे नाव पडले. त्या तांदळावर त्यांचा जंगमदासोह चाले. परंपरा सांगते की, एकदा मारय्या अनुभवगोष्टीत रमून कायक विसरले, तेव्हा लक्कम्मांनी त्यांना आठवण देऊन धाडले. पुढे ते रोजच्याहून अधिक तांदूळ घेऊन आले, तेव्हा जास्तीचे परत टाकून यायला लावले. आळस जसा दोष, तसा हव्यासही. अंगात ताप असता उद्याचेही काम आजच ओढणाऱ्या भक्ताने हे ध्यानी घ्यावे. इष्टलिंग धारण करणाऱ्या देहाला विसावा देणे म्हणजे कायक चुकविणे नव्हे. बरे वाटताच मात्र उठावे.