संत इग्नेशियस लोयोला

३१ जुलै रोजी आपण ज्यांचा सण साजरा करतो, ते संत इग्नेशियस मुळात दरबारी सरदार होते. मे १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. हाड वेडेवाकडे जुळले. घट्ट बुटात ते शोभणार नाही, म्हणून त्यांनी ते कापून घेतले, तेही भूल न देता! लोयोलाच्या वाड्यात पडून असताना शौर्यकथा मिळाल्या नाहीत. ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे हाती आली. दरबारी पराक्रमाच्या स्वप्नांनंतर मन कोरडे पडे, संतांप्रमाणे जगण्याच्या विचारानंतर मात्र आनंद टिके, हे त्यांच्या ध्यानी आले.

१५२२ मध्ये मोंतसेरात येथे पवित्र मरियेच्या वेदीपाशी रात्रभर जागर करून त्यांनी तलवार अर्पण केली. परंतु वस्त्रे बदलली म्हणून मन बदलत नाही. मान्रेसा येथे, आपले पापनिवेदन अपुरे राहिले, या शंकेने त्यांना ग्रासले. वारंवार निवेदन करूनही शांती लाभेना. जीव देण्याचे विचारही मनात आले. आठवडाभर उपवास केला, तो धर्मगुरूंनी सोडावयास लावला. अखेर ही टोचणी कोठून येते व कोठे नेते, याचा त्यांनी स्वतःच शोध घेतला आणि जुन्या पापांचे निवेदन पुन्हा न करण्याचा निर्धार केला. आमच्या मते, तलवार ठेवण्याहून हे कठीण होते.

याच अनुभवातून ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ आकारास आला. मार्गदर्शकाने साधकाला कोणत्याही निर्णयाकडे ढकलू नये, अशी सूचना त्यात आहे.

१५४० मध्ये येशूसंघाला मान्यता मिळाली. १५४२ मध्ये त्यांचे सोबती संत फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले. इग्नेशियस मात्र रोममध्येच राहिले व १५५६ मध्ये तेथेच निवर्तले.