भाड्याच्या खोलीतला कवी : लँगस्टन ह्यूज

लँगस्टन ह्यूज हे नाव मराठी वाचकाला अगदीच अनोळखी नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. त्या काळात आपल्याकडे कृष्णवर्णीयांच्या साहित्याची चर्चा सुरू झाली आणि तिच्यात ह्यूज यांचाही उल्लेख येऊ लागला. नद्यांवरची ती प्रसिद्ध कविता, स्वप्नांवरच्या दोन-तीन कविता, एवढ्यावर त्यांची ओळख बहुतेक ठिकाणी थांबते. मला विचाराल तर हा माणूस आयुष्यभर एका फार साध्या गोष्टीकडे पुन्हा पुन्हा वळत राहिला. घरभाडं. छप्पर गळतंय, जिना मोडलाय आणि मालक दारात पैसे मागायला उभा आहे, ही त्यांच्या कवितेतली नेहमीची जागा. आणि ती जागा त्यांनी लहानपणापासून आतून बघितलेली होती.

ह्यूज यांचा जन्म मिसुरी राज्यातल्या जॉप्लिन गावातला. जन्मसाल बरीच वर्षं १९०२ धरलं जायचं. अलीकडे जुन्या वर्तमानपत्रातल्या नोंदी सापडल्यावर ते १९०१ असल्याचं पुढे आलं. वडील वर्णभेदाला वैतागून मेक्सिकोला निघून गेले, आई नोकरीच्या शोधात या शहरातून त्या शहरात. मुलगा वाढला तो कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी, आजीजवळ.

ही आजी, मेरी लँगस्टन, साधी बाई नव्हती. गुलामगिरी मोडण्यासाठी जॉन ब्राऊन याने १८५९ साली हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर छापा घातला, त्यात तिचा पहिला नवरा मारला गेला होता. १९१० साली माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट कॅन्ससमधल्या ओसावाटोमीला भाषणाला आले, तेव्हा हुतात्म्याची विधवा म्हणून तिला मानाने मंचावर बसवलं होतं. पण मंचावरून उतरून घरी आलं की घर गहाण पडलेलं. आजी कधी विद्यापीठातल्या मुलांना खोल्या भाड्याने द्यायची, कधी अर्धं घर एखाद्या कुटुंबाला द्यायची. अगदीच ओढाताण झाली की सगळं घर महिना दहा-बारा डॉलरला देऊन नातवाला घेऊन मैत्रिणीकडे राहायला जायची, म्हणजे गहाणाचा हप्ता तरी भरता येईल. आज ना उद्या गोरा सावकार घर घेणार, ही धास्ती त्या घरात रोजची होती. १९१५ मध्ये आजी गेली.

पुढे आईबरोबर तो ओहायोमधल्या क्लीव्हलँडला आला. सावत्र वडील पोलाद कारखान्यात कामाला होते. पहिल्या महायुद्धाचा काळ. दक्षिणेतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं कारखान्यांच्या कामासाठी उत्तरेत येत होती आणि त्यांना राहायला शहराचे ठरावीक कोपरेच मोकळे होते. माणसं वाढली, जागा तेवढीच राहिली. मग व्हायचं तेच झालं. गोरे घरमालक आपली लाकडी घरं सोडून दुसरीकडे जात आणि तीच घरं काळ्या भाडेकरूंना दुप्पट-तिप्पट भाड्याने देत. आठ खोल्यांच्या, एकच न्हाणीघर असलेल्या घराचे तुकडे पाडून पाच-सहा कुटुंबं त्यात कोंबायची. पूर्वी अख्ख्या घराला जेवढं भाडं यायचं, तेवढं आता दोन खोल्यांना. शेड आणि गॅरेजही राहायला दिली जात. शाळेच्या सगळ्या वर्षांत लँगस्टनचं कुटुंब एक तर पोटमाळ्यावर राहिलं, नाही तर तळघरात, आणि त्याचंही भाडं चांगलंच होतं. हे सगळं त्यांनी पुढे १९४० साली आलेल्या ‘द बिग सी’ या आत्मकथेत लिहून ठेवलंय. गोऱ्या वस्त्यांना काळे शेजारी नको असत, पण जागा सोडताना त्यातून नफा मात्र भरपूर काढला जाई, हे त्यांनी शाळकरी वयातच बघितलं.

गरिबाने वाईट जागेसाठी जास्त पैसे मोजायचे, हा उलटा हिशोब आपल्याला वरवर पटत नाही. पण ज्याला दुसरीकडे कुठेच घर मिळणार नाही हे मालकाला पक्कं ठाऊक असतं, त्याच्याशी भाव करायची मालकाला गरजच काय?

१९२० साली वडिलांना भेटायला मेक्सिकोला जाताना मिसिसिपी नदीवरून आगगाडी गेली आणि नद्यांवरची कविता सुचली. पुढच्या वर्षी ती ‘द क्रायसिस’ मासिकात छापून आली. या मासिकाचे संपादक होते ड्यू बॉइस. (बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये पत्र लिहिलं होतं ते यांनाच.) त्याच १९२१ साली ह्यूज न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. वसतिगृहातली खोली त्यांनी मेक्सिकोहून पत्राने राखून ठेवली होती. प्रत्यक्ष काळा मुलगा समोर उभा राहिल्यावर कचेरीत गडबड उडाली, खोल्या संपल्याचं सांगण्यात आलं. कागद काढून बघितल्यावर नाव सापडलं, खोली द्यावी लागली.

इथे एक गोष्ट बडोद्याच्या वाचकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. याच कोलंबियात १९१३ ते १९१६ बाबासाहेब शिकले. तिथून लंडनमार्गे परतून १९१७ साली ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तर साऱ्या शहरात राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी मुसाफिरखान्यात उतरले, ते उघडकीला आल्यावर काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. दोन्ही माणसांची कधी भेट झाली नाही. खोली मात्र दोघांनाही नावावर मिळाली आणि माणूस बघून अडली. आपल्या गावात आजही जागा बघायला गेलं की भाड्याआधी आडनाव विचारतात, ते आठवतं.

वर्षभरातच ह्यूज यांनी कोलंबिया सोडलं. नंतरची काही वर्षं भटकंतीची. जहाजावर खलाशी म्हणून पश्चिम आफ्रिका, पॅरिसला हॉटेलातलं स्वयंपाकघर, मग वॉशिंग्टनला आईजवळ थंडीतही शेगडी नसलेल्या दोन खोल्या. १९२६ साली पहिला संग्रह ‘द वेअरी ब्लूज’ आला आणि नाव झालं. १९२९ मध्ये लिंकन विद्यापीठातून पदवी घेतली.

हार्लेम तेव्हा ऐन भरात होतं. गाणं, नाटक, चित्रं, सगळं. बाहेरून येणाऱ्या गोऱ्यांना क्लबमधला झगमगाट दिसायचा. ह्यूज यांना त्याहून आवडायच्या त्या शनिवारच्या घरभाडं पार्ट्या. महिनाअखेरीला भाडं जमलं नाही की लोक आपल्याच खोलीत पार्टी ठेवत. पियानोवाला बोलवायचा, तळलेले मासे आणि चोरटी दारू विकायची, दारात थोडे पैसे घ्यायचे आणि त्यातून मालकाचं तोंड बंद करायचं. त्यासाठी छोटी रंगीत कार्डं छापून वाटली जात. ह्यूज यांनी ती कार्डं जपून ठेवली होती. कार्डावर मजेदार यमकं असायची. मजा खरीच होती, पण ती कशासाठी चालली होती हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

तिशीच्या दशकात मंदी आली, हार्लेमचा बहर ओसरला. घर मिळणं सोपं झालं नाहीच, उलट अडवणूक कागदावर आली. अनेक शहरांत खरेदीखतातच अट असे की ही मिळकत काळ्या माणसाला विकायची किंवा राहायला द्यायची नाही. १९२६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा खासगी करारांना हात लावायला नकार दिला होता. १९३३ नंतर सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे केले, मोहल्ल्यांना चार प्रती लावल्या आणि काळ्यांच्या वस्त्या बहुधा शेवटच्या प्रतीत टाकून लाल रंगाने रंगवल्या. अशा वस्तीत घर घ्यायला किंवा दुरुस्तीला कर्ज मिळणं मुश्कील. म्हणजे विकत घेता येत नाही, दुसरीकडे जाता येत नाही आणि आहे ते छप्पर दुरुस्त होत नाही.

१९४० सालची ‘बॅलड ऑफ द लँडलॉर्ड’ ही कविता या कोंडीतून आली. भाडेकरू मालकाला गळक्या छपराची आणि मोडक्या पायऱ्यांची आठवण करून देतो. मालक थकलेलं भाडं मागतो. आधी दुरुस्ती, मग पैसे, असं भाडेकरू म्हणतो. मालक बाहेर काढायची धमकी देतो, शब्दाला शब्द वाढतो, भाडेकरू एक ठोसा द्यायची भाषा करतो. तेवढ्यावर पोलीस येतात, अटक होते, वर्तमानपत्रात मथळे झळकतात आणि माणूस नव्वद दिवस तुरुंगात जातो. छपराचं काय झालं, ते कोणी विचारत नाही. सुरुवातीला आपलेपणाने बोलणारा भाडेकरूचा आवाज शेवटी ऐकूच येत नाही, नुसते पोलीस आणि पेपर बोलतात. मला ही त्यांची सगळ्यात पक्की कविता वाटते.

ह्यूज रडगाणं मात्र गात नसत. त्यांची एक मॅडम आहे, अल्बर्टा के. जॉन्सन. भाडं वसूल करायला माणूस आला की ती घरातल्या मोडक्या वस्तूंची यादीच वाचून दाखवते. तो म्हणतो, मी काय, नुसता एजंट. मग तिच्याकडूनही त्याला काही मिळत नाही. ‘शिकागो डिफेंडर’ या वर्तमानपत्रातल्या सदरात १९४३ पासून त्यांनी सिंपल नावाचा हार्लेमवासी आणला. तोही एका भाड्याच्या खोलीत राहतो आणि घरमालकिणीशी त्याचं कायम वाजतं. घरोघरी पेपर वाचणारे लोक हसायचे, कारण अशी मालकीण प्रत्येकाच्या ओळखीची होती.

१९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खरेदीखतातल्या त्या वर्णभेदी अटी कोर्टामार्फत अमलात आणता येणार नाहीत. अटी कागदावर राहिल्याच. १९४९ च्या ‘वन-वे तिकीट’ संग्रहात ह्यूज यांची त्याच विषयावर कविता आहे. आपण वस्तीत पाऊल टाकलं की शेजारी पळतात, सूर्य-चंद्र तेवढे पळत नाहीत, असा तिचा सूर. १९५१ मध्ये ‘मोंटाज ऑफ अ ड्रीम डिफर्ड’ आलं. त्यातल्या ‘हार्लेम’ या छोट्या कवितेतून लॉरेन हॅन्सबेरी यांनी आपल्या ‘अ रेझिन इन द सन’ या नाटकाचं नाव घेतलं. १९५९ साली ब्रॉडवेवर आलेलं हे नाटक गोऱ्या वस्तीत घर घेणाऱ्या काळ्या कुटुंबाचं. हॅन्सबेरी यांच्या वडिलांनी शिकागोत असंच घर घेतलं होतं, जमावाने दगडफेक केली होती. १९४० साली सर्वोच्च न्यायालयात खटला जिंकला, तोही तांत्रिक मुद्द्यावर.

या मधल्या काळात ह्यूज यांच्यावर कम्युनिस्ट असल्याचा संशय होता. १९५३ मध्ये मॅकार्थींच्या समितीपुढे ते गेले आणि आपल्या जहाल कवितांपासून त्यांनी अंतर राखलं. यावरून त्यांना बोल लावणारे तेव्हाही होते, आताही आहेत. घरभाड्याच्या कविता मात्र त्यांनी टाकल्या नाहीत.

आणि त्यांचं स्वतःचं घर? ‘स्ट्रीट सीन’ या संगीत नाटकाची गाणी लिहून पैसे मिळाले, तेव्हा हार्पर दांपत्याबरोबर त्यांनी हार्लेममध्ये पूर्व १२७ व्या रस्त्यावर २० नंबरचं घर घेतलं. तोवर चाळिशी उलटून गेली होती. वरच्या मजल्यावर ते राहत आणि लिहीत. लग्न केलं नाही. हार्पर यांनी बाकीच्या खोल्यांत भाडेकरू ठेवले होते. म्हणजे आजीच्या लॉरेन्समधल्या घरासारखंच हेही घर भाडेकरूंनी भरलेलं, फक्त सावकाराची धास्ती गेलेली.

१९६५ मध्ये बॉस्टनच्या एका शाळेत जोनाथन कोझोल या तरुण शिक्षकाने चौथीच्या वर्गाला घरमालकाची ती कविता वाचून दाखवली. वर्गात बहुतेक मुलं कृष्णवर्णीय. कविता नेमलेल्या अभ्यासक्रमात नव्हती, असं कारण देऊन शिक्षकाला काढून टाकण्यात आलं. लिहून पंचवीस वर्षं झाली तरी कविता कुणाला तरी लागलीच होती.

२२ मे १९६७ रोजी शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीत ह्यूज न्यूयॉर्कमध्ये वारले. घर विकताना किंवा भाड्याने देताना वर्ण बघायला बंदी करणारा केंद्राचा कायदा ११ एप्रिल १९६८ रोजी झाला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात.

१९२१ साली दोन जड बॅगा घेऊन ह्यूज पहिल्यांदा हार्लेममध्ये उतरले, ते १३५ व्या रस्त्याच्या स्टेशनवर. तिथल्याच वाय.एम.सी.ए.मध्ये त्यांनी पहिली खोली घेतली. १९९१ पासून त्यांची रक्षा त्याच रस्त्यावरच्या शोम्बर्ग ग्रंथालयाच्या जमिनीखाली आहे. वर गोल फरशी आहे, तिच्यावर नद्या कोरल्या आहेत आणि लोक तिच्यावरून चालत जातात.