कर्मवीर भाऊराव पाटील : अपयशाने घडविलेले जीवन

मंचरच्या अण्णासाहेब आवटे महाविद्यालयाने आंबेगाव परिसरातील कित्येक मुलामुलींना पदवीपर्यंत पोहोचविले. हे महाविद्यालय रयत शिक्षण संस्थेचे. त्या संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील यांचे शालेय शिक्षण मात्र इंग्रजी सहावीपुढे गेले नाही, हे नव्या पिढीस क्वचितच ठाऊक असते.

22 सप्टेंबर 1887 रोजी कुंभोज येथे दिगंबर जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे यांनी त्यांना बोर्डिंगातून काढून टाकले. हा प्रसंग समाजाने झाकून ठेवण्याजोगा नाही. पुढे मुंबईस जवाहिऱ्याचा धंदा शिकण्याचा प्रयत्नही अर्ध्यावरच सुटला. साताऱ्यास ते शिकवण्या करू लागले.

1914 च्या सुमारास कोल्हापुरात राजपुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी भाऊरावांवर दडपण आले. ज्यांनी आपणांस घराबाहेर काढले, त्यांच्यावर सूड उगविण्याची ही संधी होती. भाऊरावांनी ती नाकारली आणि तुरुंगवास पत्करला. तेथील छळाने ते जीवन संपविण्याच्या टोकापर्यंत गेले, सुदैवाने वाचले.

पुढे किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकताना ते खेडोपाडी हिंडले. लोखंडाने जमीन बिघडते, असे मानणारा शेतकरी नांगर घेईना. विक्रेत्याच्या दृष्टीने हे अपयशच. पण खरी अडचण नांगराची नसून अज्ञानाची आहे, हे त्यांना तेथेच उमगले. कूपर यांच्याबरोबरची साताऱ्यातील भागीदारीही मतभेदांत संपली. त्यानंतर श्रीमंत भागीदारावर विसंबण्याऐवजी घरोघरच्या मूठभर धान्यावर आणि विद्यार्थ्यांच्या श्रमावर त्यांनी संस्था उभारली.

4 ऑक्टोबर 1919 रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. 1924 पासून साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवू लागली. बोर्डिंगात जे घडले ते आपल्या मुलांच्या वाट्यास येऊ नये, ही काळजी त्यामागे होती असे वाटते. धान्य संपले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने आणि अखेरीस मंगळसूत्रही दिले. 1930 मध्ये त्या निवर्तल्या. 1947 मध्ये सुरू झालेले साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय त्यांना पाहता आले नाही.

1959 मध्ये पुणे विद्यापीठाने भाऊरावांना डी. लिट्. पदवी अर्पण केली. त्याच वर्षी 9 मे रोजी त्यांचे निधन झाले.