विश्लेषण : हायड्रोजन शोधणारे हेन्री कॅव्हेंडिश स्वमग्न होते का? मोठेपणी ऑटिझमचे निदान कसे होते?

नोकरी करणारी, घर चालवणारी, तिशी-चाळिशी ओलांडलेली माणसे आता ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची तपासणी करून घेऊ लागली आहेत. लहानपणापासून आपण इतरांपेक्षा वेगळे का वागतो, गर्दीत जीव का घुसमटतो, ठरलेला क्रम मोडला की दिवस का बिघडतो, याचे उत्तर त्यांना हवे असते. या विषयावर कुठेही वाचायला घेतले की एक नाव हमखास समोर येते, ते म्हणजे हेन्री कॅव्हेंडिश. १८१० मध्ये मरण पावलेल्या या ब्रिटिश शास्त्रज्ञाला ऑटिझम होता, असे अनेकजण ठामपणे सांगतात. हे खरे मानायचे का? आणि २०० वर्षांपूर्वीच्या माणसाचा आजच्या निदानाशी संबंध काय?

कोण होते कॅव्हेंडिश?

जन्म १० ऑक्टोबर १७३१ चा, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस शहरातला. घराणे इंग्लंडमधल्या सर्वांत बड्या घराण्यांपैकी एक. वडिलांकडून आजोबा ड्यूक ऑफ डेव्हनशायर, आईकडून आजोबा ड्यूक ऑफ केंट. धाकट्या भावाच्या जन्मानंतर थोड्याच काळात, १७३३ मध्ये आई गेली. तेव्हा हेन्री दोन वर्षांचेही नव्हते. शाळा लंडनजवळच्या हॅकनी येथे, पुढे केंब्रिजचे पीटरहाऊस कॉलेज. तिथे तीनेक वर्षे काढून १७५३ मध्ये ते पदवी न घेताच बाहेर पडले. त्यानंतर १७८३ मध्ये वडील लॉर्ड चार्ल्स यांचे निधन होईपर्यंत ते त्यांच्याच घरी राहिले. वडील स्वतः प्रयोग करणारे होते. मुलाला रॉयल सोसायटीच्या वर्तुळात त्यांनीच नेले. १७६० मध्ये हेन्री सोसायटीचे सदस्य झाले आणि पुढची ५० वर्षे तिथे नियमित जात राहिले.

त्यांनी केले काय?

इंजिनीअरिंग केलेल्या बहुतेकांना कॅव्हेंडिश माहीत असतात ते गुरुत्व स्थिरांक ‘जी’च्या किमतीपुरते. गंमत म्हणजे ‘जी’ त्यांनी कधी काढलाच नाही. त्यांना हवी होती पृथ्वीची घनता.

१७६६ मध्ये त्यांनी धातूंवर आम्ल टाकून निघणारा वायू वेगळा पकडला, त्याचे वजन केले आणि तो साध्या हवेपेक्षा किती हलका आहे ते मांडले. हाच हायड्रोजन. या कामाला रॉयल सोसायटीचे कोप्ले पदक मिळाले. १७८४ मध्ये त्यांनी दाखवले की हा वायू जळाला की पाणी तयार होते, म्हणजे पाणी हे मूलतत्त्व नाही. लगेच पुढच्या वर्षी हवेवर प्रयोग करताना त्यांना एक लहानसा बुडबुडा शिल्लक राहिलेला दिसला. काही केल्या तो कशाशी संयोग पावेना. नायट्रोजनच्या १/१२० पेक्षा जास्त नाही, एवढा तो होता. दुसऱ्या कुणी प्रयोगातली चूक म्हणून सोडून दिला असता, यांनी नोंदवून ठेवला. रॅले आणि रॅम्से यांनी १८९४ मध्ये ऑरगॉन शोधला तेव्हा तो बुडबुडा काय होता ते कळले.

सर्वांत प्रसिद्ध प्रयोग १७९७-९८ मधला. वय ६६. उपकरणाची मूळ कल्पना जॉन मिशेल या पाद्री शास्त्रज्ञाची. ते १७९३ मध्ये वारले आणि उपकरण फिरत फिरत कॅव्हेंडिश यांच्याकडे आले. तारेला टांगलेली ६ फुटी लाकडी दांडी, तिच्या दोन टोकांना २ इंच व्यासाचे शिशाचे गोळे आणि त्यांच्या शेजारी १२ इंच व्यासाचे दोन मोठे गोळे, प्रत्येकी सुमारे १५८ किलोचे. मोठ्या गोळ्यांच्या ओढीने दांडी किंचित वळते, ते वळणे मोजायचे. ही ओढ इतकी क्षीण की खोलीत माणूस उभा राहिला तरी त्याच्या अंगाच्या उष्णतेने हवा हलून माप बिघडेल. म्हणून कॅव्हेंडिश खोलीबाहेर थांबले. गोळे बाहेरूनच सरकवायचे आणि भिंतीतून बसवलेल्या दुर्बिणीने आत बघायचे. उत्तर आले : पृथ्वी पाण्याच्या ५.४८ पट घन. पुढे फ्रान्सिस बेली यांनी त्यात बेरीज-भागाकाराची एक चूक काढली आणि आकडा ५.४४८ झाला. आजची किंमत ५.५१ आहे. घरगुती प्रयोगशाळेत, सव्वादोनशे वर्षांपूर्वी!

ऑटिझमची चर्चा कशावरून?

ती त्यांच्या राहणीवरून. १८५१ मध्ये जॉर्ज विल्सन या रसायनशास्त्रज्ञाने त्यांचे चरित्र लिहिले. विल्सन जन्मले कॅव्हेंडिश यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, म्हणजे सगळे ऐकीव. पण ज्यांनी पाहिले होते अशांकडून ऐकलेले.

त्यानुसार कॅव्हेंडिश एकच पद्धतीचे, जुन्या फॅशनचे, फिकट जांभळट कपडे आयुष्यभर घालत. टोपी ठरलेल्या खुंटीलाच. फिरायला जायची वेळ आणि रस्ता ठरलेला. रात्रीच्या जेवणात काय हवे याची चिठ्ठी दिवाणखान्यातल्या टेबलावर ठेवत, कारण घरकाम करणाऱ्या बाईशी बोलणे त्यांना जमत नसे. एकदा जिन्यात मोलकरीण समोर आली तर त्यांनी घराला मागच्या बाजूने वेगळा जिनाच बांधून घेतला. ग्रंथालय राहत्या घरापासून दूर, वेगळ्या जागेत ठेवले, म्हणजे पुस्तके मागायला येणारे अंगणात येणार नाहीत. आणि स्वतःचे पुस्तक नेतानाही ते इतरांसारखी नोंद करत.

एक प्रसंग सर जोसेफ बँक्स यांच्या घरचा. ऑस्ट्रियाहून आलेल्या एका पाहुण्याची ओळख करून देण्यात आली. पाहुण्याने तोंडावर भरभरून स्तुती सुरू केली. कॅव्हेंडिश मान खाली घालून गप्प उभे. तेवढ्यात गर्दीत फट दिसली, ते तिच्यातून निसटले, थेट बग्गीत बसले आणि घरी गेले. नवख्यांना जाणकार सल्ला देत : त्यांच्याकडे बघू नका, त्यांच्या बाजूला उभे राहून जणू हवेशी बोला. विषय चांगला असेल तर उत्तर मिळेल.

२००१ मध्ये न्यूरॉलॉजिस्ट ऑलिव्हर सॅक्स यांनी ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात एक छोटा लेख लिहून या नोंदी एकत्र मांडल्या. एकाच कामात बुडून जाणे, आकड्यांची विलक्षण ओढ, शब्दाला शब्द धरून बोलणे आणि माणसांचे वागणे न उमगणे, या सगळ्यावरून हा अ‍ॅस्परजर सिंड्रोमचा जुना नमुना वाटतो, असा त्यांचा मुद्दा होता. २०१५ मध्ये स्टीव्ह सिल्बरमन यांनी ऑटिझमच्या इतिहासावरच्या पुस्तकाची सुरुवातच कॅव्हेंडिश यांच्यापासून केली आणि हे नाव सर्वदूर गेले.

मग हे निदान मानायचे का?

नाही. आणि का नाही, हे समजले की मोठेपणीचे निदान कसे होते तेही समजते.

ऑटिझमसाठी रक्ताची चाचणी नाही, स्कॅन नाही. मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट माणसाशी बोलून, त्याला बघून आणि त्याचे आयुष्य मागे मागे जात तपासून निष्कर्षाला येतात. दोन गोष्टी लागतात : इतरांशी संवाद-संबंधातल्या अडचणी आणि ठरावीकपणाचा आग्रह, तीव्र आवडी किंवा आवाज, उजेड, स्पर्श यांची वेगळी संवेदना. तिसरी अट निर्णायक आहे. ही लक्षणे लहानपणापासून असली पाहिजेत. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या नियमावलीत एक महत्त्वाची सवलतही आहे : लहानपणी लक्षणे ठळक दिसली नसतील, नंतर शिकलेल्या युक्त्यांनी झाकली गेली असतील, तरी चालते. अनेक स्त्रियांचे निदान उशिरा होते ते याच झाकण्यामुळे.

म्हणून डॉक्टर आई-वडिलांना किंवा मोठ्या भावंडांना बोलवतात, शाळेची प्रगतिपुस्तके मागतात. प्रौढांसाठी निरीक्षणाची ठरलेली पद्धत आहे. केंब्रिजमध्ये, योगायोगाने २००१ मध्येच, तयार झालेली ५० प्रश्नांची ‘एक्यू’ चाचणी मोबाइलवर सहज सापडते. पण ती फक्त पुढे तपासणी करावी का ते सांगते, निदान करत नाही. शिवाय सामाजिक भीती, नैराश्य, एडीएचडी यांची लक्षणे ऑटिझमशी मिळतीजुळती असतात आणि सोबतही असू शकतात.

कॅव्हेंडिश यांच्या बाबतीत यातले काय हाती आहे? लहानपणाबद्दल जवळजवळ काहीच नाही. आई गेलेली. पत्रे आहेत ती बहुतेक विज्ञानाची. आत काय वाटत होते ते त्यांनी कुठेच लिहून ठेवले नाही. रसेल मॅकॉर्मक यांनी त्यांच्या स्वभावावर २०१४ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहून ऑटिझमची शक्यता तपासली, पण निदानाला पुरेल असा पुरावा जुन्या कागदांत नाही. उलट काही गोष्टी ‘एकलकोंडा वेडा शास्त्रज्ञ’ या चित्रात बसतच नाहीत. ते सोसायटीच्या जेवणाच्या क्लबला वर्षानुवर्षे जात, कौन्सिलवर काम करत, ब्रिटिश म्युझियमचे विश्वस्त होते. ज्याला माणसे नकोत तो दर गुरुवारी जेवायला कशाला जाईल?

निदानाने मिळते काय?

आता कॅव्हेंडिश यांच्या घराकडे पुन्हा बघा. बोलणे जमत नाही म्हणून चिठ्ठी. अचानक भेट नको म्हणून जिना. पाहुणे नकोत म्हणून दुसरी वास्तू. मृत्यूच्या वेळी त्यांच्याकडे सुमारे १० लाख पौंड होते. एकदा बँकेचा माणूस खात्यात पडून असलेल्या ८० हजार पौंडांचे काय करायचे विचारायला घरी आला, तर त्रास देऊ नका, निम्मे गुंतवा, एवढे सांगून त्याची बोळवण झाली. नोकरीची मुलाखत, बॉस, खुले ऑफिस, घरमालक, यातले काहीही त्यांच्या वाट्याला आले नाही. त्यांना निदानाची गरज पडली नाही, कारण भोवतालचे जग आपल्या मापाने बांधून घेण्याइतके पैसे होते.

आज मोठेपणी निदान मागणारे बहुतेकजण नेमके हेच मागत असतात, फक्त ड्यूकच्या तिजोरीशिवाय. तोंडी सूचनांऐवजी लेखी सूचना, बसायला शांत कोपरा, मीटिंगची आधी कल्पना. गोळीने ऑटिझम जात नाही, तसा तो आजारही नाही. पण कागद हातात असला की मागता येते. आणि आपण आळशी, उद्धट किंवा भावनाशून्य नाही, हे स्वतःलाही सांगता येते. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांमध्ये ऑटिझमचा समावेश आहे. सरकारी प्रमाणपत्रासाठी ‘आयएसएए’ ही ४० मुद्द्यांची मोजपट्टी वापरतात आणि आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. म्हणजे डॉक्टरांचे निदान आणि सरकारी प्रमाणपत्र या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली झाली म्हणून दुसरी होईलच असे नाही.

आजच्या प्रौढांचे निदान लहानपणी का झाले नाही, याचे उत्तर तारखांमध्ये आहे. लिओ कॅनर यांनी ऑटिझमचे वर्णन १९४३ मध्ये केले, हान्स अ‍ॅस्परजर यांनी १९४४ मध्ये. पण चांगले बोलणाऱ्या, शिकणाऱ्या मुलांकडे लक्ष गेले ते लॉर्ना विंग यांच्या १९८१ च्या लेखानंतर, आणि अ‍ॅस्परजर सिंड्रोम अमेरिकी नियमावलीत आला १९९४ मध्ये. त्याआधी शाळेत असलेल्या मुलाला शिक्षकांनी फार तर घुम्या म्हटले असेल.

शब्द नसतो तेव्हा काय होते?

तेव्हा लोक स्वभावाचा निवाडा करतात. विल्सन यांनी तेच केले. कॅव्हेंडिश यांना प्रेम, द्वेष, आशा, भीती यांपैकी काहीच नव्हते, ते थंड यंत्र होते, असा निष्कर्ष त्यांनी चरित्रात काढला आणि पुढची शंभर वर्षे तो चालला. आत काय होते ते ठाऊक नसताना.

तुटलेपणाची किंमत विज्ञानानेही मोजली. कॅव्हेंडिश यांनी आयुष्यभरात २० पेक्षाही कमी निबंध छापले, पुस्तक एकही नाही. १८१० च्या २४ फेब्रुवारीला क्लॅपहॅमच्या घरी ते गेले, तेव्हा विजेवरच्या प्रयोगांच्या वह्यांचे गठ्ठे तसेच राहिले. १८७० च्या दशकात ते जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांच्या हाती आले. कॅव्हेंडिश घराण्याच्या देणगीतून केंब्रिजमध्ये उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळेचे ते पहिले प्राध्यापक. वह्यांत त्यांना विद्युतभारांमधल्या बलाचा नियम सापडला, कूलोम यांच्या १७८५ च्या निबंधाआधीचा. ओहमच्या १८२७ च्या नियमाची चाहूलही होती. आणि हे सगळे विद्युतप्रवाह मोजायचे उपकरण नसताना! कॅव्हेंडिश तारा स्वतः हातात धरत आणि झटका बोटांपर्यंत बसला की कोपरापर्यंत, यावरून प्रवाहाची तुलना करत.

मॅक्सवेल यांचा विश्वास बसेना. त्यांनी ते प्रयोग पुन्हा केले, प्रयोगशाळेत येणाऱ्या पाहुण्यांनाही झटके घ्यायला लावले. कॅव्हेंडिश यांचे आकडे बरोबर निघाले. संपादित वह्या १८७९ मध्ये पुस्तकरूपाने आल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मॅक्सवेलही गेले.